नवं ते डाव्या बाजूला

भाजीच्या गाडीपाशी उभं राहिलं की आपला हात आपोआप कुठे जातो, कधी लक्ष दिलंय? बटाटे, भेंडी, फ्लॉवर, कोबी. कांदे-टोमॅटो तर न मागताच पिशवीत पडतात, भाजीवाल्यालाही आता पाठ झालंय. समोर दोडकी असतात, पडवळ असतं, लाल भोपळ्याची फोड असते, कोपऱ्यात अळूची पानं असतात. त्यांच्यावरून नजर फिरते आणि मनातल्या मनात एकेकावर फुली पडत जाते. हे कोणी खात नाही. ते धाकटी ताटात तसंच ठेवते. हे चिरत बसायला वेळ कुठाय. त्याचं तर नाव काढलं तरी ‘यांचं’ तोंड वाकडं होतं. शेवटी अर्धा किलो भेंडी घेऊन आपण घरी.

आणि गुरुवारी पोरगं ताटाकडे बघून विचारतं, “आज पण भेंडीच?”

अस्सा राग येतो! नवीन काही केलं तर खायचं नाही आणि नेहमीचं केलं तर हा प्रश्न. पण खरं सांगा, तोच प्रश्न आपल्यालाही पडलेला असतो. आपल्यालाही त्याच त्या भेंडीचा कंटाळा आलेला असतो. फक्त तो बोलून दाखवायची सोय नसते, कारण करणारे आपणच.

स्वयंपाक करायला जेवढा त्रास होत नाही तेवढा ‘काय करू’ हे ठरवायला होतो. ऑफिसातून निघताना, लोकलमध्ये, सिग्नलला, रात्री ओटा पुसताना डोक्यात हेच. सकाळचा डबा, संध्याकाळचं खाणं, रात्रीचं जेवण. घरात विचारावं तर उत्तर येतं, “कर काहीही.” ‘काहीही’ नावाची भाजी मिळत असती तर दोन किलो आणून ठेवली असती.

मग एखाद्या रविवारी आपल्याला झटका येतो. फोनवर बघितलेलं काहीतरी करायला घेतो. तीन सॉस, दोन प्रकारची ढोबळी मिरची, ओव्हन, अर्धी सकाळ. मूल एक घास घेतं, हळूच जीभ बाहेर काढतं आणि म्हणतं, “मला वरणभात दे ना.” आपला चेहरा उतरतो. मुलालाही ते दिसतं. आईनं आपल्यासाठी एवढं केलं आणि आपल्याला ते गिळवत नाही, ह्याचं त्याला केवढं ओझं होत असेल, त्याचा विचार आपण त्या क्षणी करत नाही, कारण आपण सिंकमधल्या भांड्यांकडे बघत असतो.

मला आताशा वाटायला लागलंय की वैविध्य म्हणजे नवे पदार्थ ही समजूतच आपल्याला दमवते. मुलाचा ज्या चवीवर विश्वास बसलाय तिला धरून एका वेळी एकच गोष्ट बदलली तरी पुष्कळ होतं.

आपली डाळच घ्या. बहुतेक घरांत तूरडाळीचा डबा अर्धा रिकामा असतो आणि मसूर, मूग, चणाडाळ मागे कुठेतरी मुकाट बसलेल्या असतात. तूरडाळीलाच एके दिवशी चिंच-गूळ आणि गोडा मसाला, एके दिवशी लसूण-सुक्या मिरचीची खमंग फोडणी, एके दिवशी आमसूल आणि ओलं खोबरं, एके दिवशी चार मेथीदाणे. डाळ तीच, कुकरही तोच, पण घराला येणारा वास रोज निराळा. पुढच्या आठवड्यात डाळ बदला आणि फोडणी ओळखीची ठेवा. सातारा-कोल्हापूरकडे उडदाचं घुटं करतात, कोकणात कुळथाचं पिठलं, तिथल्या भाषेत पिठी. कुळथाची पिठी तर दमून आलेल्या माणसासाठीच जन्माला आली असावी. पीठ डब्यात असलं की दहा-पंधरा मिनिटांत होते आणि मऊ भाताबरोबर मुलं मुकाट्यानं खातात. निदान पिठी म्हणजे काय हे विचारायच्या आत तरी संपवतात.

भाज्यांचंही तेच. कोबी म्हटलं की मटार घालून परतलेला एवढंच डोळ्यांसमोर येतं. त्याच कोबीत भिजवलेली चणाडाळ घाला, किंवा बारीक चिरून लिंबू, दाण्याचं कूट आणि वरून फोडणी देऊन पचडी करा. पालक रोज परतायलाच हवा असं नाही, ताकातला करा, दाणे आणि चणाडाळ घालून. मेथीची परतून भाजी नको असेल तर पीठ पेरून करा. लाल भोपळ्याची भाजी ज्या मुलाला बघवत नाही तेच मूल भोपळ्याचे घारगे तीन-तीन खातं, आणि दह्यातलं भरीत निदान चाटून तरी बघतं. दोडक्याच्या शिरा फेकून न देता तीळ घालून चटणी केली की पोळीच्या सुरळीला लावायची सोय होते.

ही ‘चाटून बघण्याची’ गोष्ट वाटते तेवढी किरकोळ नाही.

दोन ते सहा या वयात नवीन अन्नाची धास्ती सर्वांत जास्त असते, असं बालआहाराचा अभ्यास करणारे सांगतात. सहा-सात महिन्यांचं बाळ भराभर सगळं तोंडात घालतं आणि तेच दोन वर्षांचं झालं की वाटाणासुद्धा बोटानं ढकलतं. आपल्याला वाटतं लाडानं बिघडलं. तसं नसतं. नुकतं चालायला लागलेलं पोर दिसेल तो पाला खाऊन बसू नये म्हणून निसर्गानंच ही सावधगिरी दिली असावी, असं मानतात. कडू चव तर मुलांना जन्मापासूनच नकोशी. तेव्हा कारल्याकडे पाठ फिरवणारं मूल आपला अपमान करत नसतं, स्वतःला जपत असतं.

लीॲन बर्च या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन वर्षांच्या मुलांना अनोळखी फळं आणि चीज चाखायला दिलं, काही पदार्थ दोनदा, काही पाच-दहा वेळा, काही वीस वेळा. जो पदार्थ जास्त वेळा चाखला, तो मुलांना जास्त आवडायला लागला. पुढच्या अभ्यासात त्यांना असंही दिसलं की नुसतं बघून किंवा वास घेऊन चवीची आवड वाढत नाही, जिभेला थोडं तरी लागावं लागतं. आणि आपण काय करतो? दोनदा ताटात वाढतो, दोनदा नकार ऐकतो आणि तिसऱ्या वेळी आल्या-गेल्यासमोर सांगून टाकतो, “आमचा नाही हो वांगं खात!”

हे वाक्य आपण सगळे म्हणतो. कधी तक्रारीत, कधी थोड्या कौतुकानंही. पण मूल ते ऐकत असतं. पाच वर्षांच्या मुलाला आपण कोण हे आपल्याच बोलण्यातून कळतं. वांगं न खाणं ही एकदा त्याची ओळख झाली की उद्या त्याला खावंसं वाटलं तरी तो कसा खाणार? सगळे म्हणतील, “अरे वा, आज सूर्य कुठे उगवला?” त्यापेक्षा न खाल्लेलं बरं. “अजून त्याची आणि वांग्याची गट्टी जमली नाहीये,” एवढं म्हटलं तरी दार उघडं राहतं.

मग दहा-पंधरा वेळा चाखायला द्यायचं म्हणजे दहा-पंधरा वेळा भांडायचं का? इथे मला आपलं मराठी ताट फार शहाणं वाटतं. भाजी, आमटी उजवीकडे. मीठ, लिंबू, चटणी, लोणचं, कोशिंबीर डावीकडे. डावीकडचं सगळं चिमूटभर, चमचाभर वाढायचं. पोट भरायची जबाबदारी त्याच्यावर नाहीच, ते फक्त चवीला.

नवी गोष्ट तिथे वाढा. पडवळाची असो, कारल्याची असो, एक चहाचा चमचा. उजवीकडे मुलाच्या ओळखीचं पोटभरीचं जेवण आहेच, त्यामुळे उपाशी राहील ही आपली धाकधूक नाही आणि हे संपवावं लागेल ही त्याची नाही. चाखलं तर चाखलं. नाही चाखलं तर ताट उचलताना तुम्ही खाऊन टाका आणि काही बोलू नका. न बोलणं सर्वांत अवघड आहे, हे मी अनुभवानं सांगते. “कसं लागलं? आवडलं? थोडं अजून?” हे तीन प्रश्न जिभेच्या टोकावर येऊन उभे असतात. मूल घास तोंडात घेताना आपण श्वास रोखून त्याच्याकडे बघत असलो, तर त्याला तो घास नाही, परीक्षा वाटते.

आता जरा नाजूक विषय. घरात जी भाजी कधीच येत नाही, ती बहुतेक वेळा मुलाला आवडत नाही म्हणून नाही, तर घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला आवडत नाही म्हणून येत नाही. बाबांना दुधी चालत नाही, आजोबांना मुळ्याचा वास सहन होत नाही, आणि आपल्याला स्वतःला गवार. मुलानं ती बिचारी चाखलेलीसुद्धा नसते. हे भांडायला नाही सांगत. पण बाबांच्या ताटातही डावी बाजू असतेच की. त्यांनी चमचाभर दुधी मुलासमोर न कुरकुरता खाल्ला, तर आपल्या दहा भाषणांचं काम होईल.

डब्याबद्दल मात्र माझं मत अगदी उलटं आहे. प्रयोग डब्यात करू नका.

आपण काय विचार करतो? घरी खात नाही, निदान शाळेत भूक लागली की खाईल. पण शाळेतल्या मधल्या सुट्टीचं चित्र डोळ्यांसमोर आणा. वेळ थोडा, गलका मोठा, जेवण गार झालेलं आणि डबा उघडला जातो चार मित्रांच्या देखत. नाचणीची भाकरी बघून कोणीतरी म्हणतं, “ए, हे काळं काय आणलंस?” झालं. घरी येताना डबा तसाच परत येतो आणि आपण ओरडतो. काय घडलं ते मूल सांगत नाही, कारण आईनं पहाटे उठून केलेल्या भाकरीला मित्र हसले हे आईला कसं सांगायचं? नाचणीत १०० ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं हे आपल्याला ठाऊक असतं, मित्रांना नसतं. तेव्हा डब्यात ओळखीचं, हक्काचं द्या. नाचणीचं धिरडं, आंबील शनिवारी संध्याकाळी घरी होऊ दे. तिथे ती एकदा आपलीशी झाली की पोरं स्वतःच म्हणतात, डब्यात दे.

भाज्या लपवण्याचंही तसंच काहीसं. दुधी किसून थालीपिठात, पालक वाटून पराठ्यात, गाजर-बीट पावभाजीत. हे आपण सगळेच करतो आणि त्यात वाईट काही नाही, थालीपिठात दुधी घालायची रीत काही आपण काढलेली नाही. फक्त ते चोरून नको. पोटात भाजी गेली तरी भाजीची ओळख होत नाही, आणि कधीतरी हिरवा कण सापडला की मूल पुढचे सहा महिने प्रत्येक पराठा उलगडून तपासतं. “आज थालीपिठात दुधी आहे,” असं सहज म्हणून टाकावं. शक्य असेल तर दुधी किसायलाही त्यालाच बसवावं. बोटं जपून.

हाताला लागलेलं तोंडाला लवकर लागतं. थंडीत मटार सोलायला बसलेली मुलं बघा. निम्मे मटार भांड्यात, निम्मे पोटात, तेही कच्चे. त्याच मुलांना उसळीतला मटार नको असतो! मेथी निवडणं, शेंगा मोडणं, मटकी भिजवून फडक्यात बांधणं आणि दुसऱ्या दिवशी शेपूट फुटलंय का ते बघणं, ही कामं त्यांना खेळासारखी वाटतात. आपल्याला पसारा दिसतो, म्हणून आपण “राहू दे, मीच करते” म्हणतो. रोज नाही जमणार. आठवड्यातून एक दिवस जमलं तरी चालेल.

आणि आयत्या मिळणाऱ्या कल्पनांकडे आपलं लक्ष जात नाही. पुष्कळ घरांत स्वयंपाकाला ताई येतात. त्या आल्या की आपण सांगतो, “पोळ्या आणि कोबी.” त्या मराठवाड्यातल्या असतात, खानदेशातल्या असतात, विदर्भातल्या असतात. त्यांना कधी विचारलंय, तुमच्या घरी आज काय केलंत? येसराची आमटी, कळण्याची भाकरी, डाळीच्या पिठाच्या पातोड्यांचा रस्सा, गोळाभात. दुसऱ्याच्या घरी दिवसभर ‘कोबी’ करणाऱ्या बाईला आपल्या गावची आमटी करायला सांगितली की तिचा हातही वेगळा चालतो. शेजारी कोणी मंगळूरचे, कोणी बंगालचे असतील तर वाटी परत देताना रिकामी देऊ नये, ही जुनी पद्धत पुन्हा सुरू करायला काय हरकत आहे? शेजारच्या काकूंच्या वाटीतलं मुलं जास्त उत्सुकतेनं चाखतात, हाही एक गमतीशीर अन्याय आहे.

आपल्या आधीच्या पिढीला ‘व्हरायटी’चा प्रश्न कमी पडला, कारण ते काम पंचांग करत होतं. भोगीला घेवडा, पावटा, ओला हरभरा, गाजर, वांगं एकत्र शिजायचं आणि तीळ लावून बाजरीची भाकरी व्हायची. ऋषिपंचमीला अळू, माठ, सुरण, भेंडी असं बारा प्रकारचं एकाच पातेल्यात. चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद, की चार महिने फोडणीचा बाजच बदलला, आणि चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत समोर आलं की मोठ्यांनाही ते नवं वाटायचं. चैत्रात आंब्याची डाळ. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, शेवळं, कर्टुली. आता भेंडी-फ्लॉवर बाराही महिने मिळतात, म्हणून आपण बाराही महिने तेच आणतो. व्रत करा असं नाही म्हणत. पण त्या त्या ऋतूत आठ-दहा आठवडे मिळणारी एखादी भाजी त्याच दिवसांत घरात यावी, एवढं तरी पाळता येईल. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी सतरा आहार-सूचना दिल्या, त्यातली पहिलीच विविध प्रकारचं अन्न खा अशी आहे. आपल्या आज्यांना ती पोथी न वाचता माहीत होती, अर्थात त्यांच्या घरात निवडायला-चिरायला चार बायका होत्या हेही विसरून चालणार नाही.

आपण एकट्या आहोत, किंवा दोघं आहोत आणि दोघं दमलेले आहोत. त्यामुळे थोडी पूर्वतयारी नाही तर हे सगळं बोलणंच राहील. रविवारी दाण्याचं कूट, सुक्या खोबऱ्याचं भाजलेलं वाटण, एखादी कोरडी चटणी. रात्री झोपताना मूठभर कडधान्य भिजत टाकणं, कुठलं ते मुलालाच ठरवू दे. फ्रीजवर कागद लावून सात दिवसांचा तक्ता करणं काहींना जमतं, मला तो तक्ता मंगळवारपासून टोचायला लागतो. मी फक्त एवढंच ठरवते की आठवड्यात एक भाजी अशी, जी गेल्या आठवड्यात नव्हती. कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं, अजून कित्येक घरांत तेलाच्या डागांसकट आहे. त्यातल्या कोशिंबिरींची पानं काढून बसा. सगळं वाटी-चमच्याच्या मापात आहे, डोकं चालत नसलं तरी हात चालतात.

‘भाजी संपव, मग आइस्क्रीम’ हेही आपण सगळे म्हणतो, आणि त्या संध्याकाळपुरतं ते लागू पडतं. पण मुलाच्या मनात हिशेब पक्का होतो की भाजी ही सोसायची गोष्ट आणि आइस्क्रीम ही कमाई. बर्चबाईंच्याच दुसऱ्या एका अभ्यासात, बक्षिसासाठी प्यायला लावलेलं पेय मुलांना पुढे कमी आवडायला लागलं होतं. आइस्क्रीम द्यायचंच असेल तर ते असंच द्यावं, मंगळवार आहे म्हणून.

एक मात्र सांगून ठेवते. मूल मोजून चार-पाच पदार्थांपलीकडे काहीच खात नसेल, वजन वाढत नसेल, नव्या घासाला दर वेळी उमासे येत असतील, तर फोडण्या बदलत बसू नका आणि ‘हट्टी आहे’ म्हणून सोडूनही देऊ नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. काही मुलांना खरोखरच गिळण्याचा किंवा स्पर्शाचा त्रास असतो, त्यात ना त्यांची चूक ना आपली.

आणि आता तुम्हाला एक प्रश्न. तुम्हाला स्वतःला कोणती भाजी आवडते? लगेच आठवत नसेल तर आश्चर्य नाही. घरात दुसरं कोणी खात नाही म्हणून आपल्या आवडीचं आपण कित्येक वर्षं केलेलंच नसतं. कोणाचं भरलं कारलं राहून गेलेलं असतं, कोणाची आंबाडी, कोणाचं अळूचं फदफदं. यंदा ते करा, सगळ्यांसाठी नाही, स्वतःसाठी. मुलं आपलं ऐकत नसली तरी बघतात, आणि आई एखादी वाटी कोणाला न देता मिटक्या मारत खातेय हे बघितल्यावर डावीकडे चमचाभर मागायला ती येतातच. माझ्यापुरतं सांगायचं तर थंडीत मी चाकवताची एक जुडी आणतेच. निवडायला सोपा, ताक आणि थोडं डाळीचं पीठ लावून शिजवला की वर लसणाची फोडणी. घरी कोणी चाखला तर छान. नाही चाखला तर दुसऱ्या दिवशी तो जास्त मुरतो, आणि दुपारी गरम भाताबरोबर सगळा मला एकटीलाच मिळतो.